गोष्टीला चित्र हवेच का?



उन्हाळ्याच्या अंकात (तुमच्या घरी तो नेहमीप्रमाणे दोन स्टेपल मारलेल्या झेरॉक्स कागदांच्या रूपात आला असेलच) शेवटच्या पानावर तळाशी, पिकनिकच्या वर्गणीची सूचना आणि किराणा दुकानाची जाहिरात यांच्यामध्ये एक छोटी चौकट होती. यंदाचा दिवाळी अंकही मंडळाच्या वेबसाइटवर निघेल. कथा पाठवणाऱ्यांनी कथेबरोबर निदान एक चित्र पाठवावे. न पाठवल्यास संपादक मंडळ आपल्या पसंतीचे चित्र लावील. तीन ओळींचा मजकूर. बहुतेकांनी वाचलाही नसेल. मी मात्र तो तीनदा वाचला आणि आमच्या घरात त्यावरून दोन दिवस वाद चालला. शेवटी "मला काय सांगतेस, मंडळाला लिही" असे म्हणून ह्यांनी पेन हातात दिले. म्हणून हा लेख.

आधीच सांगते, माझा राग संपादक मंडळावर नाही. नोकऱ्या, मुलांचे सॉकर, स्विमिंग असे सगळे सांभाळून ही तरुण मंडळी रात्री बारा-बारापर्यंत जागून अंक लावतात, आणि आपण सभासद मात्र 'माझ्या आडनावातला रफार उडाला' एवढे सांगायला फोन करतो. चौकटीमागचा त्यांचा हेतूही चांगलाच आहे. तरीसुद्धा ती चौकट मागे घ्यावी असे मला वाटते.

गेल्या वर्षी दिवाळी अंकात माझी 'निळे पत्र' नावाची कथा आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोकणातल्या एका खेड्यात एक आई आहे आणि तिची मुलगी अमेरिकेत आहे. आई दुसरीपर्यंत शिकलेली. छापील अक्षर लावून लावून वाचते, पण मुलीचे गिचमिड अक्षर तिला लागत नाही. म्हणून शेजारचा सातवीतला मुलगा तिला पत्र वाचून दाखवतो. कथा खरे म्हणजे त्या मुलाच्या उद्योगांची आहे. दगड मारून कैऱ्या पाडणे, मास्तरांचा मार, गणिताचा पेपर, आणि मधूनमधून काकूंकडे पत्र वाचणे. अगदी शेवटच्या परिच्छेदात वाचकाला कळते की गेले पाच महिने अमेरिकेहून पत्र आलेलेच नाही. तो मुलगा जुनाच एअरोग्राम हातात धरून मनचे पत्र वाचतो आहे. त्याला बर्फाचे फार वेड, म्हणून त्याच्या प्रत्येक पत्रात बर्फ पडतो. जूनमध्येसुद्धा.

कथा म्हणून लिहिली, पण ती आई माझीच आणि ती न लिहिणारी मुलगी मीच, हे आता लपवण्यात अर्थ नाही. १९८४ साली ह्यांची नोकरी गेली होती. खरे लिहवेना, खोटे लिहवेना, म्हणून मी काहीच लिहिले नाही. त्या मुलाने मनाने पत्रे वाचल्याचे मला २००९ साली कळले, त्यानेच सांगितले तेव्हा. आई १९९१ सालीच गेली होती.

कथा वेबसाइटवर आली त्या दिवशी मी मोठ्या हौसेने उघडली. पहिल्यांदा दिसले ते चित्र. संगणकाला चार शब्द सांगून करून घेतलेले, रंगीत, गुळगुळीत. बाजेवर बसलेली म्हातारी, अंगावर पैठणी, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ. शेजारी फेटा बांधलेला मुलगा. मागे सूर्य मावळतो आहे. भिंतीवर कॅलेंडर, त्यावरची अक्षरे देवनागरीसारखी दिसत होती, पण एकही वाचता येईना. आणि मुलाच्या हातात कागद. कोरा!

म्हणजे माझ्या कथेचा शेवट माझ्या पहिल्या वाक्याच्याही आधी, फोनच्या अख्ख्या पडद्यावर, रंगीत छापून झाला होता. सात पाने जे झाकून ठेवले ते दारातच उघडे पडले. बरे, ज्याने चित्र करवले त्याने कथा वाचली नव्हती असेही म्हणता येत नाही. शेवट त्याला कळला होता. नाक मात्र कळले नव्हते. कथेत मी लिहिले आहे की त्या आईचे नाक रिकामे आहे, कारण नथ मोडून मुलीच्या विमानाच्या तिकिटाचे पैसे उभे केले. त्या एका ओळीसाठी मी चार कागद फाडले होते. चित्रात नथ जागच्या जागी!

कथा आवडली असे सांगायला अकरा फोन आले. त्यातल्या नऊ जणांनी सुरुवात केली ती "चित्र काय सुंदर आहे हो!" अशी. हेही मी सोडून दिले असते. पण पुढच्या महिन्यात नातीच्या शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट होता. माझ्या आईचा एकच फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ती तिसऱ्या रांगेत आणि अर्धी झाकलेली. नऊ वर्षांच्या पोरीने काय करावे? तिने आजीच्या गोष्टीतले चित्र प्रिंटरवर छापले आणि 'पणजी' असे लिहून झाडावर चिकटवले. शाळेत त्याचे कौतुक झाले. ते झाड आता लेकीच्या फ्रिजवर आहे. मी तिकडे गेले की ती नथवाली बाई माझ्याकडे बघून हसते. माझ्या आईचा आणि तिचा काही संबंध नाही, पण आणखी वीस वर्षांनी आमच्या घरात आई म्हणून तीच ओळखली जाईल, माझे शब्द नव्हे.

माझे म्हणणे कुणी 'म्हातारीला चित्रांचे वावडे' असे समजू नये. आपण सगळे चित्रांवरच वाढलो. 'चांदोबा' उघडला की आधी विक्रम-वेताळ. हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि त्यातला तो वेताळ. ते चित्र काढणारे 'शंकर', म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली गेले, तेव्हा भारतात आणि भारताबाहेर किती भाषांतली माणसे हळहळली असतील! गोष्ट दर वेळी वेगळी असे, वेताळाचा प्रश्न वेगळा असे, पण ते चित्र म्हणजे गोष्टीचे दार होते. त्या दारातून आत गेले तरी गोष्टीचा शेवट कळत नसे.

दिवाळी अंकांचे तर विचारूच नका. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या डोक्यात दिवाळी, कथा आणि चित्र ही तिन्ही एकाच ताटात वाढलेली आहेत. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. स्वतःच चित्रकार आणि स्वतःच संपादक. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे बघून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हातात घेणारी आमची पिढी. माझा मोठा भाऊ तर मुखपृष्ठ वहीत कॉपी करायचा आणि कथा वाचायचा राहूनच जायचा. (खरे बोलायचे तर त्या जुन्या अंकांतही सगळी चित्रे कथेला धरून असत असे नाही. लेखिकेने 'सावळी, किडकिडीत' असे तीनदा लिहिले तरी चित्रातली नायिका गोरीपान आणि भरल्या अंगाचीच असायची, असे मला आठवते. आपल्याला ते तेव्हाही चालत होते. रंगीत पान बघायला मिळत होते ना!)

आणि वसंत सरवट्यांचा ठणठणपाळ! जयवंत दळवी 'ललित'मध्ये त्या नावाने लिहायचे. सरवट्यांनी त्याच्या हातात भला मोठा हातोडा दिला आणि ठणठणपाळ म्हटले की तो हातोडाच डोळ्यासमोर यायला लागला. लेखकाचा स्वभाव ओळखून त्यात स्वतःची भर घालणारा चित्रकार होता तो. असा मिळाला तर मी माझ्या हातून पोळ्या करून वाढीन.

पण चित्र मनातल्या माणसाचा ताबा घेते, हे मोठमोठ्यांनाही चुकलेले नाही. शेरलॉक होम्स म्हटले की दोन्हीकडे टोक असलेली, कानावर पट्ट्या असलेली ती टोपी आली. डिअरस्टॉकर म्हणतात तिला. इथल्या लायब्ररीच्या सेलमध्ये मी होम्सचे जाडजूड पुस्तक दोन डॉलरला घेतले आणि त्या टोपीचे नाव शोधत बसले. कॉनन डॉयलने तो शब्द वापरलेलाच नाही. एका ठिकाणी अंगाबरोबर बसणारी कापडी टोपी आहे, एका ठिकाणी कानपट्ट्यांची प्रवासी टोपी, बस. ती शिकारी टोपी घातली सिडने पॅजेटने, १८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात चित्रे काढताना. त्या चित्रांनी कथांचे नुकसान केले असे म्हणवत नाही, उलट भरभराटच झाली. पण होम्सला आता ती टोपी काढता येत नाही. डॉयलला हे परवडले, कारण त्याच्याकडे होम्सच्या साठ कथा-कादंबऱ्या होत्या. माझ्यासारखीने आयुष्यात तीन कथा लिहिल्या. त्यातल्या एका बाईच्या नाकात दुसऱ्याने नथ घातली तर ती काढायला चौथी कथा कुठून आणू?

काफ्काचे उदाहरण तर याहून बोलके आहे. एका सकाळी माणूस जागा होतो तो किडा होऊन, ती त्याची प्रसिद्ध कथा. १९१५ साली ती पुस्तकरूपाने निघत होती. चित्रकार मुखपृष्ठावर किडा काढील या भीतीने काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहिले की किडा काढू नका, दुरूनही दाखवू नका. त्यापेक्षा घरची माणसे काढा, शेजारच्या अंधाऱ्या खोलीचे उघडे दार काढा. शेवटी मुखपृष्ठावर आला तो हातांनी चेहरा झाकून दारापासून दूर जाणारा माणूस. दाराच्या आत काळोख. किडा कसा दिसतो हे प्रत्येक वाचकाने आपल्या आपण ठरवायचे. शंभराहून अधिक वर्षे लोक ठरवताहेत!

आता तुम्ही म्हणाल, कुठे काफ्का आणि कुठे आपल्या मंडळाचा दिवाळी अंक. मान्य. पण मला वाटते, हौशी लेखकालाच चित्राची भीती जास्त बाळगायला हवी. कसलेल्या लेखकाची वाक्ये चित्राला पुरून उरतात. आपली वाक्ये मुळातच बिचकत आलेली असतात. वीस-तीस वर्षे दिवसभर इंग्रजी बोलून, रात्री जेवणानंतर डायनिंग टेबलावर बसून आपण मराठीत लिहायला घेतो. एक शब्द आठवायला बहिणीला फोन करावा लागतो. आणि अशा वेळी कुणी म्हणाले की 'चित्र टाका, काम होईल', तर आपण लिहायचे कष्टच सोडून देतो.

हे मी उगाच म्हणत नाही. मंडळाच्या अंकासाठी आलेल्या कथा मी काही वर्षे तपासत होते. पूर्वी कुणी घाटाचे वर्णन केले तर ते बेतासबात का होईना, पण असायचे. वळणे, धुके, एसटीचा आवाज, कुणाला तरी ओकारी. हल्लीच्या एका कथेत मला वाक्य सापडले, 'घर सोबतच्या चित्रात दिसते तसेच होते.' दुसऱ्या एकात नायिका 'वरील चित्राप्रमाणे' सुंदर होती. मी लेखकाला फोन केला. म्हटले, अहो, चित्र बाजूला ठेवा, तुमच्या मनात ती कशी आहे ते मला सांगा. ते पाच मिनिटे सांगत होते. केस विंचरताना दातात रिबन धरायची म्हणाले. मग हेच का नाही लिहिले? तर म्हणे, चित्र होते ना! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी त्या कथेची गत झाली होती, आणि त्यात दोष त्यांच्या लेखणीचा नव्हता. चित्राने त्यांना लिहूच दिले नाही.

फोटोंची तऱ्हा आणखी वेगळी. आपला गाव लहान, मंडळ दोन-अडीचशे कुटुंबांचे. इथे कुणीही कथा लिहिली की वाचक आधी शोधतात ते 'ही कोण?' एकदा सासू-सुनेच्या कुरबुरीची साधी कथा होती. कुणीतरी हौसेने तिला इंटरनेटवरून उचललेला किचनचा फोटो लावला. झाले! ते किचन हुबेहूब अमक्यांचे दिसते, तोच ओटा, तीच निळी किटली. त्या दोन घरांचे येणेजाणे संक्रांतीपर्यंत बंद होते. कथेवर कुणी रागावले नव्हते. कथा म्हणजे कथा, ती कुणाचीही असू शकते. फोटो मात्र कुणाचा तरी असतोच. शिवाय इंटरनेटवरून उचललेला फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो, याची आठवण त्या गडबडीत कुणालाच झाली नाही. मशीनने केलेल्या चित्राचे उलटे. इथल्या कॉपीराइट ऑफिसने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेच्या पुस्तकाबद्दल निकाल दिला, तो आमच्या जावयाने मला दाखवला. लेखिकेने लिहिलेल्या मजकुराला आणि केलेल्या मांडणीला संरक्षण, मशीनने काढलेल्या चित्रांना नाही. कायद्याच्या बारकाव्यांत मी शिरत नाही, पण कुणाच्या हाताचे काय, हा प्रश्न सरकारलाही पडला एवढे कळले.

संपादक मंडळाचा मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला डावलता येत नाही. ते म्हणतात, काकू, व्हॉट्सॲपवर नुसती लिंक पाठवली तर कुणी उघडत नाही. चित्र दिसले तर दहातले चार जण तरी उघडतात. आणि आपल्या मुलांना देवनागरी धड वाचता येत नाही, चित्र बघून ती निदान विचारतात तरी की ही गोष्ट कशाची.

पहिल्या मुद्द्याला माझे उत्तर असे की मग अंकाला एक मुखपृष्ठ करा. छानसे, रंगीत. आपल्यातल्याच कुणाकडून करून घ्या आणि लिंकबरोबर तेच पाठवा. दुकानाची पाटी बाहेर असावी, प्रत्येक बरणीवर कशाला? दुसरा मुद्दा मात्र जड आहे. त्यावर मी बरेच दिवस विचार केला.

'ॲलिस'ची गोष्ट सगळ्यांच्या मुलांनी वाचली आहे. ती लिहिणारा गणिताचा प्राध्यापक; गोष्टी सांगणे ही त्याची हौस. १८६२ साली होडीतून फिरताना मुलींना तोंडी सांगितलेली गोष्ट त्याने हाताने लिहून काढली, स्वतःच त्यात ३७ चित्रे काढली आणि १८६४ च्या नोव्हेंबरात ती वही त्या मुलीला भेट दिली. पुस्तक छापायचे ठरले तेव्हा मात्र आपल्या हाताची मर्यादा ओळखून त्याने जॉन टेनियलकडे चित्रे सोपवली, पदरचे पैसे घालून. मला त्या पुस्तकातली एक जागा फार आवडते. ग्रिफॉन नावाचा विचित्र प्राणी येतो, आणि लेखक कंसात सांगून मोकळा होतो की ग्रिफॉन काय असतो ते माहीत नसेल तर चित्र बघा. किती सरळ! जे मुलाने पाहिलेलेच नाही आणि जे सांगत बसले तर गोष्ट अडेल, तेवढे चित्राकडे सोपवले.

आपल्या कथांत असले ग्रिफॉन पुष्कळ आहेत. रहाट. शिंके. रोवळी. फडताळ. परवा मराठी शाळेत मी 'रोवळीत तांदूळ धुतले' असे वाचले तर बारा मुलांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर काही हलले नाही. तिथे पेनाने काढलेले चार रेघांचे चित्र, शब्दाच्या शेजारीच, अंगठ्याएवढे असेल तर मी दोन्ही हातांनी स्वागत करीन. आणि अशा रेघा आपल्या या झेरॉक्सवरसुद्धा उमटतात. रंगीत चित्र इथे छापले की पैठणी आणि रात्र एकसारखीच काळी दिसते. वस्तू काढा, म्हणजे मूल शब्दापाशी अडणार नाही. आईचा चेहरा मात्र काढू नका. प्रत्येक मुलाला तो कुठून आणायचा ते माहीत असते.

हे मी ठामपणे लिहून ठेवले होते आणि लेख इथेच संपवणार होते. पण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि माझ्या म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागली.

माझ्या मैत्रिणीची नात तेरा वर्षांची आहे, हातात सतत पेन्सिल. नथवाल्या चित्राची माझी तक्रार ऐकून ती म्हणाली, "आजी, मी काढू?" मी म्हटले, आधी गोष्ट ऐक. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो म्हणून मीच वाचून दाखवली, दोन बैठकींत. मग ती कागद घेऊन बसली आणि विचारायला लागली. ओटी जमिनीपासून किती उंच? काकू खाली बसतात की झोपाळ्यावर? मुलगा शाळेतून येतो तर दप्तर कुठे ठेवतो? मी सांगत गेले. दोन प्रश्नांची उत्तरे कथेत नव्हती, ती मी त्याच वेळी ठरवली. मग तिने विचारले, "पत्र बंद काढू की उघडं?"

मी म्हटले, म्हणजे काय? ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना, एअरोग्राम चिकटवलेला असतो आणि कडेनं फाडावा लागतो. पण हे तर जुनं पत्र आहे. ते आधीच फाडलेलं असणार. मग काकूंना कळलं नाही?"

कथेला वर्ष झाले होते. अकरा जणांनी फोन केले होते. मी स्वतः ती कितीदा वाचली होती. हा प्रश्न कुणालाही पडला नव्हता, मलासुद्धा नाही. पाच महिने तो पोरगा उघडलेले पत्र घेऊन तिच्या ओटीवर चढत होता. पत्र फोडायचा मान आईचा असे. केसातल्या आकड्याने ती कडेने हलकेच फोडायची, कागद फाटू नये म्हणून. हे मला माहीत होते. आणि जूनमध्ये बर्फ पडतो असे ऐकूनही तिने एकदाही विचारले नाही, हेही मीच लिहिले होते.

मी काही बोलले नाही म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला. "बरं, मग काकू कुठे बघताहेत? पत्राकडे की मुलाकडे?"

ते मी तिला सांगू शकले नाही. म्हटले, तुला वाटेल तसे काढ.

तेव्हा चौकट मागे घ्या, पण तिच्या जागी माझी सूचना अशी. ज्यांना कथेला चित्र हवे असेल त्यांनी कथा मराठी शाळेच्या मोठ्या मुलांपैकी एकाला वाचून दाखवावी, स्वतः, पूर्ण. त्याने काढले तर काढले. चित्र काळ्या पेनाने काढलेले असावे, कथेच्या डोक्यावर न लावता खाली, कथा संपल्यावर लावावे आणि काढणाऱ्याचे नाव लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरात द्यावे. ज्यांना नको त्यांची कथा तशीच छापावी. सप्टेंबरच्या मीटिंगला मी येणार आहे, ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी जरूर यावे. बटाटेवडे करून आणते.

माझ्या कथेला आता तिचे चित्र आहे. वेबसाइटवरचे जुने काढून ते लावायला संपादक मंडळाने लगेच होकार दिला, त्यांचे आभार. त्यात ओटीची पायरी आहे, दप्तर आहे, मुलाची पाठ आहे आणि त्याच्या खांद्यापलीकडे मांडीवर ठेवलेले दोन हात. एअरोग्राम उघडा आहे. चेहरा नाही. मी विचारले, तर म्हणाली, कागद पुरला नाही.